छिद्र बुजवण्याआधी रोध मोजा

वाचकाचा प्रश्न : निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार घरातल्या थोरल्या भावाचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची धाकटी बहीण २६ वर्षांची, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. मैत्रिणींबरोबर पांडवलेणी चढताना निम्म्या पायऱ्यांवरच तिला धाप लागली, म्हणून तपासून घेतलं. टू-डी इकोमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र निघालं आणि खाली लिहून आलं, 'फुफ्फुसाचं प्रेशर ६८'. नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांचं म्हणणं, आधी कॅथ (शिरेतून हृदयात नळी घालून करायची तपासणी) करून फुफ्फुसातला रोध, म्हणजे तिथे रक्ताला होणारी अडवणूक, मोजू, छिद्र बंद करायचं की नाही ते त्यानंतर ठरवू. घरात मात्र वेगळाच बेत शिजतोय. पुढच्या महिन्यात एका धर्मादाय शिबिरात छत्री (नळीतून नेऊन छिद्रावर बसवायचं झाकण) फुकट बसवून मिळेल असं नातेवाइकांकडून कळलंय, आणि आत्याने संगमनेरकडचं चांगलं स्थळ आणलंय. भाऊ विचारतात : 'तिचं बीपी ११०/७० आहे, बोटावरचा ऑक्सिजन ९६ येतो. मग कॅथचा खर्च आणि धोका कशाला? थेट छत्री बसवून दिवाळीनंतर लग्न उरकलं तर? मुलाकडच्यांना सांगायचं का? काका म्हणतात, छिद्र बंद झालं की आजारच राहिला नाही, मग सांगायचं काय?' डॉक्टरांशी बोलायला भाऊ आणि काका आत गेले होते, बहीण बाहेर बाकावर बसली होती. फाइल आईच्या कपाटात आहे. बहिणीला 'बारीकसं छिद्र आहे' एवढंच माहीत आहे.

उत्तर :

तुमचा सगळा बेत काकांच्या त्या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. 'छिद्र बंद झालं की आजार राहिला नाही' हे पुष्कळांच्या बाबतीत खरं असतं. फुफ्फुसाचं प्रेशर बेताचं असताना छिद्र सापडलं, छत्री बसली, दोन-तीन दिवसांत पेशंट घरी, आणि पुढे अधूनमधून तपासणी सोडली तर चारचौघांसारखं आयुष्य. काकांनी असं कुणीतरी पाहिलं असणार. पण तुमच्या बहिणीच्या रिपोर्टवर ६८ लिहिलंय. त्या आकड्यामुळे काकांचं वाक्य तिला आपोआप लागू होत नाही. होईलही कदाचित, पण ते आज कुणालाच सांगता येणार नाही, शिबिरातल्या डॉक्टरांनाही नाही.

आधी बीपीचं बघू. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो ते डाव्या हृदयाने अंगभर ढकललेल्या रक्ताचं प्रेशर. उजवं हृदय तेवढंच रक्त, मिनिटाला साधारण ५ लिटर, फुफ्फुसांत पाठवतं, पण त्याला फारच कमी जोर लावावा लागतो. अंगाकडच्या धमन्यांत सरासरी प्रेशर ९० च्या आसपास असतं, तर फुफ्फुसाकडे १४ च्या आसपास. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल असतात आणि अगणित असतात, त्यामुळे रक्ताला तिथे अडवणूकच नसते. म्हणून तर उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. जास्त जोराची त्याला सवयच नाही. तेव्हा दंडावरच्या ११०/७० वरून फुफ्फुसाचं काहीही कळत नाही. ही दोन खाती पूर्णपणे वेगळी आहेत.

आता ६८. हा वरचा आकडा आहे, आणि तो इकोने अंदाजाने काढलेला आहे. उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात आणि त्यावरून हिशेब करतात. अंदाज बरा असतो, कधी कमी-जास्तही निघतो. पण समजा तो अगदी बरोबर आहे, तरी प्रेशर वाढलंय एवढंच त्यातून कळतं. कशाने वाढलंय, ते नाही. खरी गोम इथेच आहे.

तुम्हाला ठिबकचं सांगायला नको. पंपाजवळच्या गेजवर काटा वर गेलेला दिसला तर तुम्ही लगेच लॅटरल (झाडांच्या ओळींतल्या बारीक नळ्या) उपटायला घेत नाही. पंप नेहमीपेक्षा जास्त पाणी फेकत असेल. पुढचा व्हॉल्व्ह कुणी अर्धवट बंद ठेवला असेल आणि पाणी मागे तुंबत असेल. किंवा लॅटरल आणि ड्रिपर क्षाराने चोक झाले असतील. गेज तिन्ही वेळा तोच काटा दाखवणार, पण इलाज तिन्हीला निराळा. फुफ्फुसाचं हुबेहूब असंच आहे. छिद्रातून डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुफ्फुसांत दुप्पट-अडीचपट रक्त वाहायला लागतं, ही झाली पहिली तऱ्हा. डावं हृदय कडक झालं, किंवा डावीकडची झडप आकसली, की रक्त मागे तुंबतं, ही दुसरी. आणि फुफ्फुसातल्या बारीक धमन्यांच्या भिंतीच जाड होऊन आतली वाट अरुंद होते, ही तिसरी. या तिसऱ्या गोष्टीचं माप म्हणजे रोध. रिपोर्टवर तो 'पीव्हीआर' म्हणून येतो.

हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. फुफ्फुसधमनीतल्या सरासरी प्रेशरमधून डाव्या बाजूचं प्रेशर वजा करायचं (त्याला डॉक्टर 'वेज' म्हणतात) आणि फुफ्फुसांतून मिनिटाला जितके लिटर रक्त वाहतं त्याने भागायचं. उत्तर येतं ते वुड युनिटमध्ये. पॉल वुड या ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञाचं नाव त्याला दिलंय. २ पर्यंत ठीक समजतात. आता तीन पेशंट घ्या, तिघांचंही सरासरी प्रेशर ४०. पहिलीचं वेज १० आणि फुफ्फुसांतून वाहणारं रक्त १२ लिटर. ३० भागिले १२, रोध अडीच. दुसरीचंही वेज १०, पण रक्त वाहतंय फक्त ५ लिटर. ३० भागिले ५, रोध ६. तिसरे एक आजोबा. त्यांचं वेजच २८, रक्त ५ लिटर. १२ भागिले ५, रोध अडीचच्याही आत. म्हणजे दुखणं फुफ्फुसात नाही, डाव्या हृदयात आहे. इकोवर तिघांचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर प्रेशरचा आकडा जवळपास सारखा दिसेल.

पहिलीचं छिद्र बंद करायला हवं, लवकर करायला हवं. जादा रक्ताचा लोंढा थांबला की तिचं प्रेशर उतरतं. दुसरीचं तसंच बंद केलं तर ती संकटात येऊ शकते. कारण रोध वाढल्यावर तेच छिद्र तुमच्या बायपास व्हॉल्व्हचं काम करायला लागतं. पुढची लाइन घेत नाही म्हटल्यावर थोडं रक्त तिथून निसटतं आणि पातळ भिंतीचा उजवा कप्पा तग धरतो. ती वाट बंद केली की सगळं रक्त अरुंद वाहिन्यांतूनच रेटावं लागतं, उजवं हृदय थकतं, पायांवर सूज येते, पोटात पाणी होतं, चक्कर येऊन माणूस कोसळतो. छत्री बसली, फोटो छान आला, आणि पेशंट पहिल्यापेक्षा वाईट झाला. डॉक्टर 'आधी मोजू' म्हणाले ते यासाठी. ते टाळाटाळ करत नाहीत आणि बिलही वाढवत नाहीत.

तुमची बहीण पहिलीसारखी की दुसरीसारखी, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. मोठं छिद्र आणि बसल्याजागी ९६ ऑक्सिजन या दोन गोष्टी आशेच्या बाजूच्या आहेत. पण बसून मोजलेल्या ऑक्सिजनवर विसंबू नका. दवाखान्यात सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजायला सांगा. चालल्यावर तो उतरत असेल, तर रक्त उलट दिशेने, उजवीकडून डावीकडे जायला लागल्याची शंका येते. रोध वाढत वाढत प्रवाहच पूर्ण उलटला, ओठ-नखं निळी पडली, की त्या अवस्थेला आयझेनमेंगर म्हणतात. तिथे छिद्र बंद करायचं नसतं.

मधल्या पायऱ्या आहेत, त्याही सांगते. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रोध ३ च्या आत असेल आणि छिद्रातून बरंच रक्त जात असेल तर बंद करावं. ३ ते ५ मध्ये असेल तर सगळी परिस्थिती तोलून ठरवावं. ५ च्या वर असेल तर आधी औषधं, काही महिन्यांनी पुन्हा मोजमाप, आणि तेव्हा ५ च्या खाली आला तरच विचार. काही वेळा छत्रीतच मुद्दाम लहान भोक ठेवतात. औषध देऊनही उतरला नाही तर बंद करू नये. म्हणजे 'आज नाही' याचा अर्थ 'कधीच नाही' असा नसतो. वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर रोध १६ पट होतो. उलटं, वाट थोडीशी मोकळी झाली तरी रोध बराच खाली येतो. औषधांचा उपयोग दिसतो तो यामुळे.

कॅथची भीती घालवायला थोडं तपशिलात सांगते. भूल फक्त त्या जागेपुरती. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयात आणि तिथून फुफ्फुसधमनीत सरकवतात. टोकाशी इवलासा फुगा असतो. तो फुगवून बारीक फांदीत अडकवला की पलीकडचं, म्हणजे डाव्या बाजूचं प्रेशर कळतं. वेगवेगळ्या कप्प्यांतून थोडं थोडं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन मोजतात, त्यावरून फुफ्फुसांत किती रक्त वाहतंय याचा हिशेब लागतो. शेवटी ऑक्सिजन किंवा नायट्रिक ऑक्साइड हुंगायला देऊन वाहिन्या सैल पडतात का तेही पाहतात. पेशंट जागा असतो, बोलत असतो. अनुभवी ठिकाणी गंभीर गुंतागुंत शंभरात एखाद्याला. या तपासणीची सुरुवातच मोठी अजब आहे. १९२९ साली वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि ती तशीच ठेवून, चालत खाली जाऊन एक्स-रे काढून घेतला. वरिष्ठ भडकले. १९५६ चं नोबेल मात्र त्याला मिळालं, कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्या जोडीने.

आता शिबिर. शिबिराला मी नाही म्हणत नाही. चांगल्या ठिकाणी शिबिरातले डॉक्टरही आधी मोजतातच. पुष्कळदा टेबलावर रोध मोजून, आकडा जमला तर त्याच बैठकीत छत्री बसवतात. तेव्हा आयोजकांना फोन करून एवढंच विचारा, की बंद करण्याआधी रोध मोजणार का, आणि तो जास्त निघाला तर पुढची औषधं आणि तपासण्या कोण बघणार. दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर तिथे जाऊ नका. आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, की छत्री न बसवता ती बाहेर आली तर डॉक्टर हरले असा त्याचा अर्थ नाही. नाहीतर ऑपरेशन थिएटरबाहेर काकांचा आवाज चढतो, हे मी पाहिलेलं आहे. छिद्राच्या कडा छत्री धरण्याइतक्या नसतील तर शस्त्रक्रियाच करावी लागते, तेही आधीच विचारून घ्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. नुसती कॅथ त्यात बसते की छत्रीबरोबरच, हे त्यांच्याकडून पक्कं करा.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे, आणि ते तुमच्या घरातलं आहे. जी मुलगी कंपनीचे ताळेबंद जुळवते, तिला स्वतःच्या हृदयातला एक भागाकार कळणार नाही असं तुम्हाला का वाटलं? तिला घाबरवायचं नाही, हे समजतं. पण ती घाबरलेली आहेच. अर्ध्या पायऱ्यांवर छाती धपापली ती तिची. कॅथच्या संमतीपत्रावर सही तिलाच करायची आहे. औषधं सुरू झाली तर ती रोज वेळेवर तिलाच घ्यायची आहेत. कपाटातली फाइल तिच्या हातात द्या, आणि पुढच्या भेटीला आत ती बसेल, हवं तर तुम्ही तिच्या शेजारी.

लग्नाचं. रोध मोजल्याशिवाय स्थळाशी काहीच ठरवू नका, कारण काय सांगायचं हेच तुम्हाला आज माहीत नाही. आकडा कमी निघाला, छिद्र बंद झालं, प्रेशर उतरलं, तर पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने मूल होऊ देण्यातही बहुधा अडचण राहत नाही. पण रोध वाढलेलाच राहिला तर गोष्ट वेगळी. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्के वाढतं, आणि अरुंद झालेल्या वाहिन्यांना ते पेलत नाही. अशा बाळंतपणात चांगल्या केंद्रांतही दहांत एक किंवा त्याहून जास्त बायका दगावतात. म्हणून डॉक्टर गर्भ राहू देऊ नका असं स्पष्ट सांगतात. फुफ्फुसाच्या प्रेशरची काही औषधं, जसं बोसेंटन, गर्भाला घातक असतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही अशा पेशंटला चालत नाहीत, त्यामुळे 'आपण गुपचूप गोळ्या घेऊ' हाही मार्ग नाही.

आता लपवून लग्न झालेल्या घरात काय होईल ते डोळ्यासमोर आणा. पहिल्या वर्षातच सासूबाई 'काही गोड बातमी?' विचारणार. ती गोळ्या उशीच्या अभ्र्यात ठेवणार. एखाद्या महिन्यात पाळी चुकणार आणि सांगायला ती माहेरी फोन करणार, नवऱ्याला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमात महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली तर लग्न रद्द करून मागता येतं. पण मला कोर्टापेक्षा त्या महिन्याची भीती जास्त वाटते.

लग्न होऊच नये, असं माझं बिलकूल म्हणणं नाही. बायोडेटावर 'हृदयाला छिद्र' लिहायची गरज नाही. दोघांनी एकमेकांना पसंत केलं की, सुपारी फुटायच्या आत, तिने स्वतः त्या मुलाला सांगावं, आणि त्याला डॉक्टरांना भेटायचं असेल तर घेऊन जावं. स्थळ हातचं जाईल? जाऊ शकतं. आत्या रुसेल, दोन महिने रुसू दे.

अजून काही फुटकळ, पण उपयोगाचं. रिपोर्टवर पीव्हीआर २४० असं दिसलं तर दचकू नका. ते डाइन एकक असतं, ८० ने भागा, ३ वुड युनिट येतील. जुन्या लेखांत आजार म्हणायची हद्द सरासरी प्रेशरला २५ आणि रोधाला ३ अशी सापडेल, २०२२ पासून ती २० आणि २ वर आणली आहे. म्हणून इंटरनेटवरच्या दोन पानांचं जुळत नाही. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं तेच औषध) लिहून दिलं तर मेडिकलवाला गालात हसेल. हसू दे, ते फुफ्फुसाच्या प्रेशरचंही मान्य औषध आहे. मात्र त्याच्याबरोबर घरातली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घेतात ती गोळी) जिभेखाली ठेवायची नाही, बीपी धाडकन कोसळतं. आणि ते मनाने सुरू किंवा एकदम बंद करायचं नाही. आईंनी नवस बोललाय म्हणून नवरात्रात उपाशीपोटी वणीच्या गडाच्या पायऱ्या चढवू नका, मोजमाप होईपर्यंत फ्युनिक्युलर ट्रॉलीने जा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या इकोवर 'प्रेशर ५५' वगैरे वाचून अनेक जण पत्रं पाठवतात, त्यांनाही यातच उत्तर देते. जुनं बीपी, मधुमेह, झडपेचा आजार असेल तर कारण बहुधा डाव्या हृदयात सापडतं. तिथे फुफ्फुसाच्या खास महागड्या गोळ्या लागू नसतात, उपचार डाव्या हृदयाचा करायचा असतो. वर्षानुवर्षं चुलीचा धूर, विडी, टीबीने खराब झालेलं फुफ्फुस, झोपेत घोरताना श्वास अडकणं, हीही कारणं असतात. आणि पायात किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जुन्या गुठळ्यांमुळे वाढलेला रोध काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेने उतरवता येतो, पण कुणी शोधलंच नाही तर तो तसाच राहतो. प्रत्येकाला कॅथ लागते असंही नाही. निर्णय त्यावर अडला असेल तेव्हा लागते, आणि तुमच्या बहिणीचा अडलाय.

कॅथ झाली की सरासरी प्रेशर, वेज, फुफ्फुसांतून वाहणारं रक्त आणि रोध, एवढे चार आकडे मला कळवा. आणि या वेळी पत्र तिलाच लिहू द्या.